सार्वजनिक शाळेंतील गव्हाण

नाताळचा सण जवळ आला म्हणजे आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून गवत, बांबूच्या कामट्या, चकचकीत कागद आणि मातीच्या मूर्ति यांची जमवाजमव सुरू होते. ती गव्हाण कोणीं मांडावी व कोठें मांडावी याबद्दल कोणाची परवानगी विचारावी लागत नाहीं. देवळांत ती धर्मगुरूंच्या देखरेखीखालीं उभी राहते, घरीं मुलें मांडतात, आणि आपल्या संस्थांच्या शाळांतून शिक्षक व विद्यार्थी मिळून मांडतात. परंतु ज्या शाळेचा खर्च सर्व धर्मांच्या लोकांनीं भरलेल्या करांतून चालतो, आणि जिच्या बाकांवर सर्व धर्मांचीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात, तेथें गव्हाण मांडावी काय? हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार जुन्या वादांतून निघाला असून त्या वादांत आपले कॅथॉलिक बांधव दोन्ही बाजूंनीं उभे राहिलेले आहेत. १८४२ सालीं त्यांची तक्रार अशी होती कीं, सार्वजनिक शाळा आमच्या मुलांवर दुसऱ्यांची उपासना लादते. त्यानंतर साठ अधिक शंभर वर्षांनीं त्यांच्यापैकीं एक माता अशी तक्रार घेऊन न्यायालयांत गेली कीं, सार्वजनिक शाळा इतरांचीं चिन्हें मांडते आणि आमची गव्हाण तेवढी दाराबाहेर ठेवते. हा इतिहास आपल्या वाचकांस फारसा परिचित नसल्यामुळें या महोत्सवी अंकांत तो थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, ज्या देशांत आज घरापासून बाजारापर्यंत नाताळची रोषणाई दिसते, त्याच देशाच्या एका भागांत हा सण पाळणें एके काळीं गुन्हा होता. मॅसॅच्युसेट्स वसाहतींतील प्यूरिटन पंथीयांनीं १६५९ सालीं कायदा करून नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठरविला. हा सण रोमन धर्मसभेनें घातलेला पायंडा आहे, त्यास पवित्र शास्त्रांत आधार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. मनांतील अढी मात्र त्यानंतरहि पुष्कळ काळ टिकली. अशा मुलखांतील शाळेंत सणाची सजावट कोठून असणार? पुढें जर्मन लोकांनीं सजविलेलें झाड आणलें, आयरिश लोकांनीं मध्यरात्रीची मिस्सा आणली, दुकानदारांनीं भेटवस्तूंची हौस वाढविली, आणि हळूहळू प्रॉटेस्टंट घरांतहि सण रुजला. १८७० सालीं मध्यवर्ती सरकारनें राजधानींतील आपल्या नोकरांसाठीं नाताळची सुटी कायद्यानें मान्य केली.

याच काळांत तेथें सार्वजनिक शाळांची पद्धति वाढीस लागली. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस म्हणून १८३७ सालीं नेमले गेलेले होरेस मॅन हे या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होत. शाळेंत कोणत्याहि पंथाची शिकवण द्यावयाची नाहीं, पवित्र शास्त्र तेवढें वाचावें आणि त्यावर कांहींहि टीका करूं नये, असें त्यांचें धोरण होतें. प्रॉटेस्टंट लोकांस ही व्यवस्था अगदीं निःपक्षपाती वाटली. पण वाचावयाचें तें इंग्लंडचा राजा जेम्स याच्या आज्ञेनें झालेलें भाषांतर. प्रार्थना म्हणावयाची ती त्यांच्या वळणाची. आणि दहा आज्ञा पाठ म्हणावयाच्या त्या त्यांच्या क्रमानें. धर्मसभेच्या स्पष्टीकरणावांचून शास्त्रवचन वाचणें हीच मुळीं एका पंथाची शिकवण आहे, ही गोष्ट त्या सज्जनांच्या लक्षांत आली नाहीं. बहुसंख्यांस आपली चाल ही चाल वाटतच नाहीं. ती त्यांस हवेसारखी वाटते.

फिलाडेल्फियाचे महागुरुस्वामी फ्रान्सिस पॅट्रिक केन्रिक यांनीं नोव्हेंबर १८४२ मध्यें तेथील शाळामंडळास पत्र लिहून विनंती केली कीं, कॅथॉलिक मुलांस आपल्या धर्मसभेनें मान्य केलेलें डुए भाषांतर वाचूं द्यावें आणि इतर धर्मशिक्षणांतून त्यांस मोकळीक असावी. पत्राची भाषा अत्यंत सौम्य होती. पुढील जानेवारींत मंडळानें कांहीं सवलत दिली, पण तीहि अशी कीं, ग्रंथास टिपा नसाव्या. आणि डुए भाषांतराच्या प्रचलित प्रति तर टिपांसहित असत. इतक्यावरच शहरांत कंडी पिकली कीं, पोपचे अनुयायी शाळेंतून पवित्र शास्त्र हद्दपार करूं पाहतात. मे १८४४ मध्यें केन्सिंग्टन भागांत दंगे उसळले. ८ मे रोजीं संत मायकल आणि संत ऑगस्टीन या दोन देवालयांस आग लावण्यांत आली. संत ऑगस्टीनच्या देवालयाबरोबर तेथील ग्रंथसंग्रहहि भस्मसात झाला; वेदीमागची भिंत तेवढी उभी राहिली व तिच्यावरील ‘प्रभु पाहतो’ या अर्थाचीं अक्षरें शाबूत राहिलीं असें सांगतात. पुढल्याच रविवारीं महागुरुस्वामींनीं रक्तपात टाळण्यासाठीं शहरांतील मिस्सा बंद ठेविल्या. जुलै महिन्यांत साउथवर्क भागांत पुन्हा दंगा झाला आणि लष्करास गोळीबार करावा लागला. दोन्ही दंग्यांत मिळून वीसच्या आसपास माणसें प्राणास मुकलीं.

बॉस्टन शहरांतील इलियट शाळेची हकीकत याहून लहान, पण मनास अधिक चटका लावणारी आहे. मार्च १८५९ मध्यें टॉमस व्हॉल नांवाच्या सुमारें दहा वर्षांच्या एका कॅथॉलिक मुलानें दहा आज्ञा प्रॉटेस्टंट पाठानें म्हणण्यास नकार दिला. दुय्यम शिक्षकानें त्याच्या हातांवर सुमारें अर्धा तास छड्या मारल्या. मुलानें आज्ञा म्हटल्या नाहींत. त्याची बाजू घेऊन शेंकडों मुलें शाळेबाहेर पडलीं. शिक्षकावर फिर्याद झाली, पण न्यायाधीशानें ती काढून टाकली. वाचकांपैकीं कोणास वाटेल कीं, आज्ञा त्याच, मग एवढा हट्ट कशास? परंतु पाठांत भेद आहे. मूर्तिनिषेधाचें वचन प्रॉटेस्टंट लोक स्वतंत्र आज्ञा म्हणून मोजतात, आणि देवळांतील मूर्तींपुढें गुडघे टेकणाऱ्या मुलास तें वचन भर वर्गांत मोठ्यानें म्हणावयास लावण्यांत काय अभिप्रेत होतें, हें त्या मुलास आणि त्याच्या शिक्षकास दोघांसहि पक्कें ठाऊक होतें.

अशा अनुभवांतूनच तेथील धर्मसभेनें स्वतःच्या शाळा उभारल्या. १८८४ च्या बाल्टिमोर येथील तिसऱ्या धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, प्रत्येक देवालयाजवळ दोन वर्षांच्या आंत धर्मग्रामाची शाळा असावी. गरीब मजुरांनीं सेंट सेंट जमवून त्या शाळा बांधल्या. ज्यांस तें साधलें नाहीं ते न्यायालयांत गेले. विस्कॉन्सिन संस्थानांतील एजर्टन या गांवच्या कॅथॉलिक पालकांनीं दाद मागितली, आणि १८९० सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, सार्वजनिक शाळेंत राजा जेम्सच्या भाषांतराचें वाचन हें पंथीय शिक्षणच होय. सार्वजनिक शाळेंतून धर्माचरण दूर करण्याचे पहिले मोठे विजय नास्तिकांनीं मिळविले असा जो समज आपल्यांत पसरलेला आहे, तो या निकालापुढें टिकत नाहीं.

पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं शाळांतून नाताळचा समारंभ चांगलाच स्थिरावला. झाड, गाणीं, देवदूतांचे पंख लावलेलीं मुलें, भिंतीवर तारा. आतां तक्रार करण्याची पाळी यहुदी लोकांची आली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत ब्राउन्सव्हिल येथें रशियांतून जीव वांचवून आलेल्या यहुदी कुटुंबांची दाट वस्ती होती. तेथील एका शाळेच्या मुख्याध्यापकानें डिसेंबर १९०५ मधील समारंभांत मुलांस ख्रिस्तासारखें होण्याचा उपदेश केला. आणि श्रोते बहुतेक सारे यहुदी. पालक खवळले. शाळामंडळाकडे अर्ज झाले, चौकशी झाली, पण समाधानकारक निर्णय होईना. तेव्हां १९०६ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं, म्हणजे २४ डिसेंबर रोजीं, यहुदी वर्तमानपत्रांच्या हांकेस ओ देऊन हजारों मुलें शाळेंत गेलींच नाहींत; कित्येक वर्ग ओस पडले. दुसऱ्या वर्षीं मंडळानें पंथीय स्तोत्रें व धर्मविषयक निबंध यांस मनाई केली. झाड मात्र राहूं दिलें. म्हणजे ज्यांत ख्रिस्ताचें नांव होतें तें गेलें, आणि ज्यांत तें नव्हतें तें राहिलें. पुढील शंभर वर्षांच्या निकालांचें बीज मला या एका तडजोडींत दिसतें.

उपदेश करणाऱ्या त्या मुख्याध्यापकाच्या मनांत द्वेष असेल असें वाटत नाहीं. पण ज्या लोकांनीं ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्या जमावांकडून आपल्या घरांची राखरांगोळी झालेली पाहिली होती, त्यांच्या मुलांस तें नांव शाळेंत कसें ऐकूं आलें असेल, याचा विचार फिलाडेल्फियाची आग आठवणाऱ्यांनीं तरी करावयास हवा होता. आपल्याकडेहि हा प्रश्न अगदींच परका नाहीं. दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करण्याचा प्रघात महाराष्ट्रांतील शाळांतून जुना आहे, आणि अशा वर्गांत बसलेल्या ख्रिस्ती मुलानें काय करावें हें आपल्या घरांतून पुष्कळदां बोललें गेलें आहे. भारतीय राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानें पूर्णपणें सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणास मनाई केली आहे, आणि सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेंत कोणासहि त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवांचून उपासनेंत भाग घ्यावयास लावतां येत नाहीं. हें दुसरें बंधन आपल्या अनुदानित शाळांसहि लागू आहे, हें आपण विसरतां कामा नये. भिंतीवरील सजावटीविषयीं मात्र तें कलम कांहींच बोलत नाहीं. असो, पुन्हा अमेरिकेकडे वळूं.

तेथील राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनें सरकारास कोणताहि धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केलेली आहे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयानें शाळेच्या इमारतींत, शाळेच्या वेळांत दिलें जाणारें धर्मशिक्षण या दुरुस्तीविरुद्ध ठरविलें. १९६२ सालीं शाळेनें म्हणावयास लावलेली प्रार्थना, आणि १९६३ सालीं रोजचें शास्त्रवाचन. हा शेवटचा खटला पेन्सिल्व्हेनियांतील, फिलाडेल्फियापासून जवळच असलेल्या ॲबिंग्टन येथील. ज्या वाचनापायीं १८४४ सालीं देवालयें जळालीं, तें वाचन त्याच परिसरांतील एका खटल्यानें थांबलें. आतां गंमत अशी कीं, १९६२ च्या निकालावर जे मोठमोठे धर्माधिकारी संतापले त्यांत न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन अग्रभागीं होते. केन्रिक महाशयांच्या काळीं सार्वजनिक शाळा प्रॉटेस्टंट होती म्हणून कॅथॉलिक दुःखी होते. आतां ती कोणाचीच राहिली नाहीं म्हणून दुःखी झाले. दोन्ही दुःखें खरीं होतीं असेंच मी म्हणेन.

सजावटीचा प्रश्न मात्र प्रार्थनेइतका सरळ सुटला नाहीं. प्रार्थना म्हणावी लागते. गव्हाण नुसती पाहिली जाते. न्यूयॉर्क संस्थानांतील ऑसिनिंग या गांवीं नागरिकांच्या एका समितीनें सार्वजनिक शाळेच्या आवारांत ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. त्याविरुद्ध झालेल्या फिर्यादींत १९५८ सालीं न्यायालयानें देखावा हलविण्यास नकार दिला. तो सुटीच्या दिवसांत मांडलेला होता व त्या वेळीं शाळा भरत नव्हती, ही गोष्ट निकालांत महत्त्वाची ठरली. दक्षिण डाकोटांतील सू फॉल्स येथें १९७७ च्या नाताळांत बालवर्गाच्या कार्यक्रमांत ख्रिस्तजन्मावरील प्रश्नोत्तरें घेतलीं गेलीं आणि त्यावरून वाद झाला. तेव्हां तेथील शाळामंडळानें नियम केले कीं, धार्मिक चिन्हें अध्यापनाचें साधन म्हणून, सांस्कृतिक व धार्मिक वारशाचा नमुना म्हणून, आणि थोडे दिवसच मांडावीं. १९८० सालीं त्या विभागाच्या अपील न्यायालयानें हे नियम उचलून धरले, आणि पुढें देशभर अनेक शाळामंडळांनीं त्यांच्यावरून आपले नियम बेतले. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें केंटकीच्या वर्गांतून लावलेल्या दहा आज्ञांचे तक्ते मात्र घटनाबाह्य ठरविले.

यापुढील दोन निकाल शाळेचे नव्हत, पण शाळेच्या भिंतीवर त्यांची छाया पडली आहे. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहर दरवर्षीं एका उद्यानांत नाताळची आरास करी. तींत सांताक्लॉजचें घर, सांबर, झाड, विदूषक, हत्ती, अस्वल, आणि या सर्वांच्या मध्यें शहरानें १९७३ सालीं १,३६५ डॉलरांस विकत घेतलेली गव्हाण. ५ मार्च १९८४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती आरास वैध ठरविली. पुष्कळ कॅथॉलिक घरांत त्या दिवशीं आनंद झाला असेल. परंतु विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ति ब्लॅकमन यांचें म्हणणें वाचण्यासारखें आहे. त्यांच्या मतें शहरानें खटला जिंकला, पण गव्हाणीचा अर्थ गमावला; कारण सणाच्या मोसमाची एक निरुपद्रवी खूण एवढीच तिची किंमत ठरली तेव्हां कुठें तिला जागा मिळाली. श्रद्धाळु माणसाच्या मनांतील गोष्ट गव्हाण काढा म्हणणाऱ्या न्यायमूर्तींनीं बोलावी, आणि ती ठेवा म्हणणाऱ्यांनीं तिला अस्वलाच्या पंक्तीस बसवावी, असा तो प्रकार झाला.

पांच वर्षांनीं, ३ जुलै १९८९ रोजीं, पिट्सबर्गचा निकाल लागला. तेथील जिल्हा न्यायालयाच्या भव्य जिन्यावर ‘होली नेम सोसायटी’ या कॅथॉलिक संघानें दिलेली गव्हाण एकटीच मांडलेली होती, आणि देवदूताच्या हातीं ईश्वराच्या गौरवाची लॅटिन पट्टी होती. ती घटनाबाह्य ठरली. त्याच शहरांत दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फूट उंचीचें झाड व त्याशेजारीं यहुद्यांच्या हनुक्का सणाचा १८ फूट उंचीचा दीपवृक्ष उभा होता. तो वैध ठरला. गव्हाणीचा दोष एवढाच कीं, ती एकटी होती आणि आपला अर्थ स्पष्ट सांगत होती. पिट्सबर्गच्या ख्रिस्ती लोकांनीं पुढें रोमच्या संत पीटर चौकांतील गव्हाणीच्या नमुन्यावर एक मोठी गव्हाण करविली, आणि १९९९ पासून ती शहरांतील एका उत्तुंग खासगी इमारतीच्या प्रांगणांत मांडली जाऊं लागली. तेथें तिच्या सोबतीस ना सांबर, ना अस्वल.

आतां त्या मातेची हकीकत. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षणखात्यानें या शतकाच्या आरंभीं आपल्या शाळांसाठीं असें धोरण आंखलें कीं, सणासुदीच्या दिवसांत नाताळचें झाड, यहुद्यांचा दीपवृक्ष, आणि मुसलमानांचा चंद्रतारा हीं मांडावयास हरकत नाहीं. तीं ऐहिक स्वरूपाचीं चिन्हें समजावीं. गव्हाणीचें नांव त्या यादींत नव्हतें. सार्वजनिक शाळेंत जाणाऱ्या दोन मुलांच्या कॅथॉलिक मातेनें २००२ सालीं फिर्याद केली. तिचें म्हणणें सरळ होतें: इतरांच्या मुलांस त्यांच्या धर्माचें चिन्ह भिंतीवर दिसतें, माझ्या मुलांस झाड दाखवितात, आणि झाड हें कांहीं आमच्या श्रद्धेचें चिन्ह नव्हे. २००४ सालीं ती हरली. फेब्रुवारी २००६ मध्यें अपील न्यायालयांतहि दोन विरुद्ध एक मतांनीं हरली. बहुसंख्य न्यायमूर्तींचा विचार असा कीं, हें सारें धोरण निरनिराळ्या लोकांत परस्परांविषयीं आदर वाढावा म्हणून आहे. कोणाच्या धर्माची अवहेलना करावी असा त्यांत हेतु नाहीं. आणि ख्रिस्तजन्माचा देखावा एका विशिष्ट घटनेवरील श्रद्धा जितक्या थेट व्यक्त करतो तितक्या थेट दीपवृक्ष करीत नाहीं.

या युक्तिवादाशीं पूर्णपणें सहमत होणें मला कठीण जातें. सणाच्या रात्रीं तो दीप प्रार्थना म्हणून लावणाऱ्या यहुदी आजोबांस जर कोणीं सांगितलें कीं, तुमचा दीप ऐहिक आहे म्हणून तो शाळेंत चालतो, तर त्यांस तो मान वाटेल कीं अपमान? तरीपण निकालांतील एक अर्धा भाग मला खरा वाटतो. संत फ्रान्सिस यांनीं १२२३ सालीं ग्रेच्चो येथें गवत, बैल आणि गाढव आणवून जो देखावा मांडला, त्यावर त्या रात्रीं मिस्सा अर्पण झाली. तो शोभेसाठीं मांडलेला नव्हता, आणि त्याचें खरें स्वरूप न्यूयॉर्कच्या न्यायमूर्तींनीं पॉटकेटच्या पुरस्कर्त्यांपेक्षां अधिक अचूक ओळखलें. पोप फ्रान्सिस यांनीं १ डिसेंबर २०१९ रोजीं त्याच ग्रेच्चो येथें सही केलेल्या पत्रांत घरांप्रमाणेंच शाळा, इस्पितळें, तुरुंग व चौक येथेंहि गव्हाण मांडण्याच्या चालीस उत्तेजन दिलें आहे. पण तें पत्र गव्हाणीस शुभवर्तमानाची घोषणा म्हणतें, मोसमाची खूण म्हणत नाहीं. न्यूयॉर्कच्या शाळेंत जिला मज्जाव झाला तीहि हीच घोषणा.

त्या मातेनें अखेर सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. फेब्रुवारी २००७ मध्यें त्या न्यायालयानें प्रकरण ऐकण्यास नकार दिला. नकार देतांना न्यायालयानें कारण सांगितलें नाहीं. तसें सांगण्याची तेथें पद्धत नाहीं. अपील न्यायालयाचा निकाल कायम राहिला, आणि शहराच्या शाळांतून झाड, दीपवृक्ष व चंद्रतारा हीं तीन चिन्हें मांडण्याची मुभा तशीच पुढें चालली. नाताळ म्हणजे काय, त्या दिवशीं कोणाचा जन्म झाला असें ख्रिस्ती लोक मानतात, हें वर्गांत इतिहासाचा किंवा समाजाचा विषय म्हणून सांगण्यास शिक्षकांस तेथें कोणताहि कायदा आड येत नाहीं.